मालवणच्या एका स्टुडिओतलं कपाट: जुन्या कॅमेऱ्यांचं काय करायचं?

मालवण बाजारपेठेतला एक फोटो स्टुडिओ. पुढच्या अर्ध्या भागात आता झेरॉक्स, लॅमिनेशन आणि मोबाइलवरून प्रिंट काढून देण्याचं काम चालतं. मागे, जिथे पूर्वी डार्करूम होती, तिथे एक लाकडी कपाट आहे आणि त्यात दोन पिढ्यांचे कॅमेरे. छपराचे वासे बदलायचे होते, कौलं उतरणार होती, म्हणून ते कपाट पावसाच्या आधी रिकामं करणं भाग होतं. हा प्रश्न निघाला तो एवढ्यावरून.

मी कुडाळला कॅमेरे दुरुस्त करतो आणि जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देतो. मला बोलावलं होतं किमती सांगायला. घरच्यांना विचारून हे लिहितो आहे. नावं गाळली आहेत.

कपाटासमोर प्रत्येकाचं मत वेगळं होतं. स्टुडिओच्या मालक काकांचा डोंबिवलीला असलेला मुलगा म्हणत होता, सगळ्यांचे फोटो काढून ऑनलाइन टाका, जे जाईल ते जाईल. वहिनी, म्हणजे काकांची सून, दुकान त्याच सांभाळतात. त्यांना जागा हवी होती आणि भंगारवाला किलोच्या भावाने न्यायला तयार होता. तारकर्लीला होमस्टे चालवणारे एक ओळखीचे गृहस्थ सगळे कॅमेरे भिंतीवर मांडायला मागत होते. कॉलेजात शिकणाऱ्या नातीला एक कॅमेरा चालवायला हवा होता. आणि ज्यांनी उभं आयुष्य या कॅमेऱ्यांवर काढलं ते काका एवढंच म्हणाले, "टाकूक जीव होणा नाय, आणि ठेवन तरी काय करू?"

काकांचा हा प्रश्न मला सगळ्यात खरा वाटला. कोकणात वस्तू नुसती कपाटात राहू देणं म्हणजे ती सांभाळणं नव्हे. इथली हवा तिला सोडत नाही. म्हणून 'सध्या राहू दे, पुढे बघू' हासुद्धा एक निर्णयच असतो, आणि कॅमेऱ्याच्या बाबतीत तो बहुतेक वेळा सर्वांत वाईट ठरतो. तरीही किमतीची गोष्ट मी पुढे ढकलायला सांगितली. आधी पाहायचं होतं ते प्रत्येक कॅमेऱ्याच्या आत काय आहे, आणि कुठला कॅमेरा गेला तर त्याच्याबरोबर कुठली चित्रं कायमची बंद होतील.

आत राहिलेले रोल

जुना कॅमेरा हातात आला की मागचं झाकण उघडून बघायचा मोह सगळ्यांना होतो. ते करू नये. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात रोल गुंडाळायची मूठ बाणाच्या दिशेने अलगद फिरवून पाहावी. ती मोकळी फिरत राहिली तर उजेडाने खराब होईल असा रोल आत नाही. ताण लागला तर रोल आहे. १२० रोलच्या, म्हणजे रुंद फिल्मच्या कॅमेऱ्यात ही सोय नसते. तिथे आकडा सुरुवातीच्या खुणेवर नसेल तर रोल आहे असं धरून चालावं आणि किल्ली शेवटपर्यंत फिरवून, मगच अंधारात झाकण उघडावं.

काकांच्या निकॉन एफएम२ मध्ये ताण लागला. रंगीत रोल होता, केव्हा घातला ते त्यांनाही आठवत नव्हतं. इतका जुना रंगीत रोल मुंबईला पाठवून नेहमीच्या पद्धतीने धुवून घेतला असता तर रंग धड आले नसते. रंग बनवणारे थर वर्षानुवर्षांच्या उष्णतेत बिघडतात आणि सगळ्या फिल्मवर धुरकटपणा चढतो. चांदीची मूळ प्रतिमा मात्र पुष्कळदा तग धरून असते. म्हणून तो रोल ब्लॅक अँड व्हाइटच्या डेव्हलपरमध्ये धुवायचं ठरलं. काकांनी डी-७६ हा डेव्हलपर आणि हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, तयार करून तो स्वतः धुतला, सिंकला प्लॅस्टिकची बादली लावून. निगेटिव्ह दाट आणि धुरकट आली, पण शिमग्याच्या पालखीच्या काही फ्रेम आणि एका लग्नाची सुरुवात ओळखू येण्याइतकी निघाली. लग्नाच्या घरी त्या दिल्या.

वापरलेला हायपो विहिरीकडच्या परसात ओतायचा नाही, हे इथे मुद्दाम सांगतो. त्यात फिल्मवरून सुटलेली चांदी असते. पूर्वी मोठे स्टुडिओ ती परत मिळवण्यासाठी हायपो साठवून विकायचे. घरगुती कामात निदान तो कॅनमध्ये भरून रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्या लॅबकडे पोचवावा.

ज्याला कोणी विचारत नव्हतं तो कॅमेरा

किमतींच्या यादीत सगळ्यात खाली होता सोनी पीडी-१७० हा व्हिडिओ कॅमेरा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना हा कॅमेरा सांगायला नको. २००० नंतरच्या दशकात गावोगावच्या मांडवांत तोच फिरत होता. आज त्याला गिऱ्हाईक जवळपास नाही, मुलाने तो पहिल्याच फटक्यात भंगाराच्या बाजूला ठेवला होता. मी तो परत कपाटाच्या बाजूला आणला, कारण खालच्या कप्प्यात मिनीडीव्हीच्या, म्हणजे छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेटचे खोके भरलेले होते: लग्नं, दशावताराचे प्रयोग, शाळांची स्नेहसंमेलनं, किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या एका रापणीचं शूटिंग.

मिनीडीव्हीची कॅसेट वाचायला मिनीडीव्हीचंच यंत्र लागतं, आणि नवं यंत्र बाजारात मिळत नाही. त्यात पीडी-१७० वर काही कॅसेट डीव्हीकॅम या सोनीच्या व्यावसायिक पद्धतीने भरलेल्या असतात, त्या बऱ्याच घरगुती हँडीकॅमवर चालतच नाहीत. म्हणजे ज्याची किंमत सगळ्यात कमी, तो कॅमेरा गेला असता तर मागे राहिलेल्या खोक्यांना कुलूप लागलं असतं. तो कॅसेट संपेपर्यंत विकायचा नाही, एवढं पहिल्याच बैठकीत पक्कं झालं. हे काम सोपं नाही. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, प्रत्येक तासाची फाइल साधारण १३ जीबीची होते, आणि त्यासाठी कॅमेरा जोडायचं फायरवायर पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर लागतो, कारण नव्या लॅपटॉपवर ते पोर्ट नसतं. माझ्याकडे तसा एक कॉम्प्युटर आहे म्हणून निभावलं. तुमच्या घरी अशा कॅसेट असतील तर कॅमेरा, त्याची केबल आणि जुना कॉम्प्युटर या तिन्ही वस्तू एकत्र ठेवा. त्यातली एक गेली की बाकीच्या दोन निरुपयोगी.

डिजिटल कॅमेऱ्यांचंही तेच. ऑलिंपसच्या एका छोट्या कॅमेऱ्यात एक्सडी कार्ड होतं. ऑलिंपस आणि फुजीफिल्मने २००२ मध्ये आणलेलं हे कार्ड आज बहुतेक नव्या कार्ड रीडरमध्ये बसत नाही. कार्ड जुन्या रीडरवर वाचून फोटो दोन ठिकाणी उतरवले, मग ते कार्ड फोडलं. नुसतं फॉरमॅट केलेलं कार्ड विकू नये. फॉरमॅटने फोटो पुसले जात नाहीत, फक्त त्यांची यादी पुसली जाते, आणि साध्या सॉफ्टवेअरने ते परत काढता येतात. स्टुडिओच्या कार्डावर गावातल्या बायकामुलींचे फोटो असतात. ते अनोळखी माणसाच्या हाती जाऊ देण्याचा हक्क कोणालाच नाही.

कपाटातला दिवा

कॅमेऱ्यांची तपासणी सुरू केली तेव्हा एक गोष्ट खटकली. काकांनी वापरात ठेवलेल्या वर्षांत एकाही लेन्सला बुरशी नव्हती, असं ते खात्रीने सांगत होते. आता मात्र निम्म्याहून जास्त लेन्सवर जाळी दिसत होती. कारण कपाटात वर पाहिलं तेव्हा सापडलं.

कोकणातले जुने फोटोग्राफर कपाटात ४० वॉटचा बल्ब रात्रंदिवस पेटता ठेवत. हवेतली वाफ तेवढीच राहते, पण हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. २७ अंशांना ९० टक्के आर्द्रता असलेली हवा ३२ अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता ६७-६८ टक्क्यांवर येते. बुरशीच्या वाढीला रोखण्यात या फरकाचा मोठा वाटा असतो. काही वर्षांपूर्वी घरच्या सगळ्या बल्बांच्या जागी एलईडी बसवले गेले, तेव्हा कपाटातलाही बदलला. प्रकाश आला, ऊब गेली. त्यानंतरचे पावसाळे त्या कॅमेऱ्यांनी कोंदट दमटपणात काढले.

बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. लेन्सवरची धूळ, बोटांचा तेलकटपणा, वंगणाचा अंश यावर ती धरते, आणि वाढताना सोडलेल्या आम्लाने काचेवरचा लेप, पुढे काचही खाते. वेळेत पुसली तर काच स्वच्छ होते. उशीर झाला तर बुरशी मरते पण तिची नक्षी तिथेच राहते. तपासायचं असेल तर लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्च तिरपा मारावा आणि दुसऱ्या बाजूने पाहावं. समोरून पाहिलं तर चांगली वाटणारी लेन्स अशी पाहिली की खरी दिसते.

पहिली फेकायची वस्तू कॅमेरा नसते, त्याची चामड्याची केस असते. ओलावा धरून ठेवण्यात तिचा हात कोणी धरत नाही. काकांना हे पटायला वेळ लागला, कारण केस म्हणजे कॅमेऱ्याचं रक्षण अशीच सगळ्यांची समजूत. पण केसेस बाहेर काढल्या तेव्हा आतल्या अस्तरावरची पांढरी पूड त्यांनीच दाखवली.

एकेक कॅमेरा

यशिका मॅट १२४जी, डबल लेन्सचा. १९७० ते १९८६ या काळात बनलेल्या या कॅमेऱ्यात उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी पाऱ्याचा सेल लागायचा. पाऱ्यामुळे ते सेल बंद झाले आणि मीटर तसाही मेलेला होता. वरच्या, म्हणजे बघायच्या लेन्सवर बुरशी होती, पण फोटो घेणारी खालची लेन्स स्वच्छ होती. वरच्या लेन्सची बुरशी फोटोत येत नाही, हे न कळल्यामुळे असे कॅमेरे उगाच मातीमोल जातात. शटर एक सेकंदाला अडकत होतं, बाकी ठीक. हा काकांनी स्वतःकडे ठेवला, आणि माझ्या मते बरोबर केलं. मीटर नसला तरी ज्या माणसाने हजारो लग्नं नजरेने उजेड मोजून काढली त्याला त्याची गरज नाही.

निकॉन एफएम२ विकला. या कॅमेऱ्याचं शटर सेलशिवायही चालतं, सेल फक्त मीटरला. १९८२ पासून जवळपास दोन दशकं तो बनत होता आणि आज तो मागितला जातो. कपाटात ठेवून त्याची लेन्स बुरशीला देण्यापेक्षा, जो रोज वापरेल त्याच्याकडे जाणं चांगलं. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात विचारून भाव घेतला, मग एका छायाचित्रकाराला थेट दिला. आलेल्या पैशांतून कॅसेट उतरवण्यासाठी हार्ड डिस्क घेतल्या. हा हिशोब मला फार समाधानाचा वाटला: एका चांगल्या कॅमेऱ्याने गावाची चित्रं वाचवायला पैसे दिले.

पेंटॅक्स के१००० नातीला. मागच्या झाकणाच्या कडेचा स्पंज विरून काळा चिकट लगदा झाला होता. तो खरवडून नवा बसवला, नाहीतर उजेड आत शिरतो. फिल्म महाग झाली आहे हे खरं, पण मिळते. इल्फर्डचे ब्लॅक अँड व्हाइट रोल येतात, आणि कोडॅकने २०२२ मध्ये गोल्ड २०० हा रोल १२० मध्येही आणला. काकांनी तिला पहिलाच धडा दिला तो कॅमेऱ्याचा नव्हे, रोल वाया न घालवण्याचा: "बटन दाबूच्या आधी थांब गो."

कॅननचा एक जुना छोटा डिजिटल कॅमेरा होता, सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचा. मुलाच्या दृष्टीने तो कचरा. पण आजच्या तरुणांना याच कॅमेऱ्यांचे रंग आवडतात, आणि नातीच्या मैत्रिणीने तो आनंदाने विकत घेतला. जुना म्हणजे टाकाऊ हा हिशोब दर काही वर्षांनी उलटतो, त्यामुळे चालू असलेली वस्तू भंगारात घालण्याची घाई करू नये असं मला वाटतं.

काकांच्या वडिलांचा, काचेच्या प्लेटवर फोटो घेणारा लाकडी प्लेट कॅमेरा मात्र वेगळाच प्रश्न होता. भात्याला चिरा, एका पायाला वाळवी, पण पितळी लेन्स शाबूत. गुरुग्रामला आदित्य आर्य यांनी उभं केलेलं म्यूझिओ कॅमेरा हे कॅमेऱ्यांचं संग्रहालय २०१९ पासून आहे. तिथे विचारावं असं मुलाने सुचवलं आणि सूचना चांगली होती. काका तयार झाले नाहीत. ज्या गावात तो चालला तिथेच तो राहावा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी गावातल्या जुन्या वाचनालयाने काचेच्या कपाटात ठेवायचं कबूल केलं. देताना कागद केला: कपाटात सिलिका जेल राहील, कॅमेऱ्याखाली माहितीची पाटी असेल, आणि वाचनालयाला नको झाला तर तो कुटुंबाकडे परत येईल. तोंडी देणग्यांचं काय होतं हे कोकणातल्या प्रत्येक जुन्या संस्थेच्या माळ्यावर दिसतं, म्हणून कागद हवाच.

होमस्टे, भंगार आणि लग्नाचे फोटो

होमस्टेवाल्यांना मी नाराज केलं. समुद्राच्या तोंडावरच्या पडवीत चालू कॅमेरा टांगणं म्हणजे खाऱ्या वाऱ्याला तो खायला देणं. त्यांना बंद पडलेलेच द्यायचे असं ठरलं: बडोद्यात बनलेला गंजका अग्फा क्लिक-३, आणि लेन्स पार गेलेल्या काही कॅमेऱ्यांचे सांगाडे, सेल काढून. फ्लॅशवाले कोडॅक केबी१० त्यांना दिले नाहीत. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास भार साठतो, आणि हौसेने कोणी तो उघडला तर झटका जोराचा बसतो.

त्यांनी जुन्या लग्नांचे मोठे प्रिंटही मागितले होते, भिंतीला शोभा म्हणून. त्यांचा हेतू चांगला होता, पण ते देता येत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा असतो. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या आजीचा मुंडावळ्या बांधलेला फोटो पाहुण्यांच्या जेवणाच्या टेबलावर पाहायला कोणाला आवडेल? काका म्हणाले, "ते फोटो माजे नाय, गावाचे आसत." त्यावर पुढे बोलणं झालं नाही.

भंगारवाल्याकडे चार्जर, तुटलेले केबी१०, फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या जाऊ नयेत हे वहिनींनीच लावून धरलं. तांब्यासाठी वायरी जाळतात ते त्यांनी पाहिलं आहे. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार हा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जायला हवा. मालवणात असं केंद्र दाराशी नसल्यामुळे सगळं एका खोक्यात बांधून मुलाच्या गाडीतून मुंबईला पाठवलं. फुगलेल्या बॅटऱ्या त्यात घातल्या नाहीत. त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या पत्र्याच्या डब्यात वाळूत ठेवल्या, घराबाहेर, आणि पुनर्चक्रण करणाऱ्याशी आधी बोलूनच त्या वेगळ्या पोचवायच्या आहेत.

घरात राहिलेल्या मोजक्या कॅमेऱ्यांसाठी हवाबंद झाकणाचा मोठा डबा, आत सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रता मापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहायला हवा. ३० च्या खाली गेला तर वंगण सुकतं. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा निळे करायचे. पावसाळ्यात हे काम नातीने अंगावर घेतलं आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक शटर सगळ्या वेगांवर चालवायचं, हेही.

कॅसेटचं काम सुरू आहे. दुकानाच्या काउंटरवर वहिनींनी पाटी लावली: ज्यांच्या लग्नाच्या कॅसेट इथे आहेत त्यांनी पेन ड्राइव्ह घेऊन यावं. लोक येतात. एका घराने त्यांच्या कॅसेटची प्रत नको, ती नष्टच करा असं सांगितलं. कारण विचारलं नाही, त्यांच्यासमोर रीळ ओढून कापून टाकली.

अडलेली आहे ती व्हीएचएसची पेटी. त्यातल्या काही कॅसेटच्या कडांवर पांढरी बुरशी आहे, आणि तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी कॅसेट वाचणाऱ्या हेडवर जाऊन पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. शिवाय नवे व्हीसीआर बनतच नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. असलेलं यंत्र बिघडवून चालणार नाही. ती पेटी बाकीच्या कॅसेटपासून वेगळी काढून भरपूर सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात ठेवली आहे. दिवाळीनंतर हवा सुकली की एकेक कॅसेट मोकळ्या जागी, तोंडाला मास्क लावून हाताने पुसायची आणि त्यासाठी वेगळा, बळी गेला तरी चालेल असा व्हीसीआर वापरायचा. तसा व्हीसीआर अजून सापडलेला नाही. कणकवली-सावंतवाडीच्या दुरुस्तीवाल्यांकडे विचारणा चालू आहे.